हिंगणदऱ्याची कापलेली कमान

कमान म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढं झेंडूच्या माळा, केळीचे खुंट आणि पुढाऱ्यांचे हसरे फोटो उभे राहत असतील. मित्रांनो, मी तसली कमान नव्हे. माझ्याखालून कुणी वाजतगाजत गेलं नाही. मला उभी केली ती गाड्या अडवायला, आणि अडवते म्हणूनच सारे माझ्यावर दात खाऊन असत. दोन उभे खांब आणि वर एक आडवा पाइप, एवढाच माझा देह. अंगावर पिवळे-काळे पट्टे. वयानं मी फार नाही, पण ऊनपावसात लोखंड लवकर म्हातारं होतं. आता माझे खांब एका जागी आणि आडवा पाइप भलत्याच जागी, असे माझे दोन तुकडे झालेत. तरी माझी गोष्ट एकच आहे आणि ती मलाच सांगायला हवी. ज्यानं सांगायची तो नदीत गेला, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांनी तोंडात गुळणी धरली.

माझा जन्म केडगावचा. पुणे रस्त्याच्या कडेला सम्राट नावाच्या कारागिराचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं घरांची फाटकं होतात, खिडक्यांच्या जाळ्या होतात, जिन्यांचे कठडे होतात. त्यात माझ्यासारखं ध्यान एखादंच. सम्राटनं मला जोडलं आणि त्याची बायको वृषाली हिनं मला रंग दिला. पट्टे ओढता ओढता तिनं विचारलं, "ही कुठं बसवायची?"

"श्रीगोंद्याकडं, हिंगणदऱ्याच्या जुन्या पुलावर. उंच गाडी आडली पायजे."

"मंग लोक शिव्या घालत्याल की हिला!"

"घालू दे," सम्राट म्हणाला. "शिव्या खाऊन मानसं वाचत्यात, तर खाऊ दे तिला."

माझ्या मेलीच्या नशिबात काय वाढून ठेवलंय, ते मला त्याच दिवशी कळलं. तरी मनातून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? काहीतरी राखायला आपल्याला केलंय, या विचारानं मी टेम्पोत आडवी पडून ताठ मानेनं निघाले.

हिंगणदऱ्याचा पूल तुमच्या आजोबांच्या वयाचा. दगडी खांबांचा, अरुंद, कठड्याला जागोजागी खिंडारं पडलेली. त्याच्या पायथ्याची वाळू लोकांनी वर्षानुवर्षं उपसून नेली होती. कुणाच्या घराच्या भिंतीत गेली, कुणाच्या बंगल्याच्या स्लॅबमध्ये गेली. शेवटी एका पावसाळ्यात पाणी ओसरलं, तेव्हा मधल्या खांबाचा पाया उघडा पडलेला दिसला. मग साहेबलोक आले. त्यांनी हातोडीनं ठोकून पाहिलं, फोटो काढले आणि जड वाहनं बंद असा हुकूम सोडला. नवा पूल होईपर्यंत मी उभी राहायचं ठरलं. नव्या पुलाचं भूमिपूजन दोनदा झालं, दोन्ही वेळा पेढे वाटले. कोनशिला मात्र अजून वेड्या बाभळीत तोंड लपवून बसली आहे.

मी उभी राहिले आणि गावाच्या नाकी नऊ आले. साखर कारखाना नदीच्या पलीकडं. उसानं भरलेली ट्रॉली माझ्याखालून जाईना. तिला काष्टीवरून लांबचा वळसा पडू लागला. एसटी बंद झाली. पलीकडच्या फाट्यापर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि कॉलेजच्या पोरींना पायी जावं लागे. येणारा जाणारा मला दोन शब्द ऐकवल्याशिवाय पुढं जात नसे. कुणी म्हणे, "ही भवानी कुनी आणून बसवली?" कुणी चालत्या मोटारसायकलवरून माझ्या खांबाला लाथ मारी. मी सगळं ऐकून घेई. बोलणार तरी काय?

दोनच माणसं माझ्याशी नीट वागली. एक मुक्ताबाई. ती लिंबाच्या बागांत तोडणीला जाई आणि टेम्पोची वाट बघत माझ्या खांबापाशी बसे. नवरा लवकर गेलेला, एकुलत्या एका मुलावर तिनं आयुष्य काढलेलं. मला कुणी शिवी घातली की तिला वाईट वाटे. एकदा तिनं ओटीतून एक लिंबू काढलं, चार मिरच्या ओवल्या आणि माझ्या खांबाला बांधल्या. बरोबरची बनुबाई खो खो हसली. म्हणाली, "मुक्ते, लोखंडाला कुनाची नजर लागती गं?"

"आख्ख्या गावाची लागलीय हिला," मुक्ताबाई म्हणाली. "बांधलं तर काय बिघडतंय?"

दुसरा तिचा मुलगा समर्थ. रंगनाथ तात्यांच्या ट्रॅक्टरवर तो ड्रायव्हर होता. तात्या म्हणजे गावातलं मोठं माणूस. पंधरा एकर ऊस, शब्दाला वजन, आणि भांडण कुणाचंही असो, निवाडा तात्यांच्या ओट्यावर. समर्थ नुसता ट्रॅक्टर घेऊन चालला, म्हणजे माझ्याखालून सहज जाई. जाताना वर बघून म्हणे, "काय मावशी, आज तरी सोडती का ट्रॉली?" आणि स्वतःच हसे. पण भरली ट्रॉली असली की मुकाट्यानं वळसा घेई. इतर ड्रायव्हर माझ्या नावानं बोटं मोडत, हा गाडी वळवताना गाणं म्हणे. त्याच्या त्या मावशी म्हणण्याची मला सवय लागली होती. तसं प्रेमानं मला दुसऱ्या कुणी कधी हाक मारली नाही.

मग तो हंगाम आला. कारखाना बंद व्हायला थोडे दिवस उरले आणि गावात ऊस उभाच. तोडणीच्या टोळ्या म्हणू लागल्या, वळशानं खेपा होत नाहीत, आम्ही दुसऱ्या गावाला चाललो. तोडलेला ऊस बांधावर वाळत पडला. वजन घटलं की घाम गाळून पिकवलेला ऊस चिपाडाच्या भावात जातो, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. सारं गाव पुलाशेजारच्या पारावर जमलं. सरपंच आप्पासाहेब होते, तात्या होते. मी तिथंच उभी होते, माझ्यादेखत माझा निकाल लागत होता.

आप्पासाहेब म्हणाले, "कायद्यानं बगितलं तर कमानीला हात लावता येत न्हाई."

"कायदा काय ऊस उचलायला येनार हाय?" तात्या उसळले. "आर्ज केलं, मोर्चा काढला, कुनी दाद दिली का? माझी नात दिशा रोज आंधारात फाट्यावरनं चालत येती. परवा दोन टवाळखोर मागं लागले तिच्या. निम्म्या पोरींचं कॉलेज सुटलंय. ते कुनाच्या डोळ्यानं बगायचं?"

मित्रांनो, तात्या खोटं बोलत नव्हते. तेच तर दुखणं आहे. माझ्यावर राग धरणारी माणसं वाईट असती, तर ही गोष्ट सांगायला किती सोपी झाली असती!

ठरलं. वरचा पाइप तेवढा कापायचा, खांब राहू द्यायचे. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या साक्षीनं. शेजारच्या गावातून गॅस कटर आणला. शुभकार्य असल्यासारखा माझ्या पायाशी नारळ फोडला. ठिणग्या उडू लागल्या तशी पोरं टाळ्या वाजवायला लागली. माझा आडवा पाइप धाडकन खाली पडला आणि मी दोन ठिकाणची झाले. खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. मुक्ताबाईच्या हातावरही कुणी एक तुकडा ठेवला. तिनं तो कपाळाला लावला आणि खाल्ला.

"समर्था, पयली ट्रॉली तुजी!" तात्यांनी हाक दिली.

समर्थ ट्रॅक्टरवर चढला नाही. "तात्या, कमान गेली, पर पूल त्योच हाय की. मधल्या खांबाखाली हात जातोय माझा. आपन वळशानंच नेऊ. मी जादा खेपा मारतो."

"आरं, समदं गाव एक झालंय आनि तूच आडवा पडतोस?"

"भ्याला वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. तात्याही हसले. समर्थनं खाली मान घातली. मग त्यानं काय केलं, तर आधी पुलावरून एकटा चालत गेला, कठड्यावरून वाकून खाली पाहिलं, परत आला आणि गाडी सुरू केली. मुंगीच्या पावलानं ट्रॉली पलीकडं नेली. फटाके वाजले. परत येताना त्यानं वर पाहिलं, जिथं मी नव्हते तिथं. त्या दिवशी तो मावशी म्हणाला नाही.

पूल पडला नाही, आणि तेवढ्यानं गावाची भीड चेपली. ऊस गेला, एसटी सुरू झाली, पोरींनी ड्रायव्हर-कंडक्टरला ओवाळलं. एकदा साहेबांची जीप आली. साहेबांनी माझ्या उघड्या खांबांकडं पाहिलं, मोबाईलवर एक फोटो काढला आणि काच वर केली. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. माझे खांब मात्र पुलाच्या तोंडाशी रुतलेले होते. जड गाडी गेली, की पुलाच्या मधल्या खांबाचं हलणं माझ्या पायांना कळे. पहिल्या हंगामात थोडं कळायचं, पावसाळ्यानंतर जास्त कळू लागलं. मी कुणाला सांगणार होते?

माझा पाइप ग्रामपंचायतीच्या मागच्या अंगणात पडला होता. मंडपवाल्या पोरांना तो भारी आवडला. लांब, सरळ, मजबूत. गणपती असो, हळद असो, कुणाचा वाढदिवस असो, मांडवाला आडवी मीच. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवर कापड गुंडाळायचं आणि मधोमध फ्लेक्स टांगायचा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर माळा चढल्या. मला त्यांचं काही सुख लागलं नाही.

पुढच्या हंगामात, माघातल्या एका सकाळी, पूल बसला. लख्ख ऊन होतं, नदीत जेमतेम पाणी होतं. पुढं लिंबाच्या तोडणीला जाणाऱ्या बायकांचा छोटा टेम्पो चालला होता. त्यात बनुबाई होती, तिची सून रेश्मा होती, आणखी चौघीजणी होत्या. मुक्ताबाई त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून घरी राहिली होती. टेम्पोमागं समर्थचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या उसानं भरलेल्या. त्याच्यामागं एसटी, पोरींनी भरलेली. एसटीची पुढची चाकं माझ्या दोन खांबांच्या मधे आली होती आणि समर्थ पुलाच्या मध्यावर पोचला होता.

पुलाचा मधला खांब खचला. आधी अगदी थोडा. समर्थला ते कळलं. तो उडी मारू शकला असता, कठडा त्याच्या हाताशी होता. पण तो सीटवर उभा राहिला, मागं वळला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "मागं घ्या! एसटी मागं घ्या!" ड्रायव्हरनं ब्रेक मारला, एसटी मागं सरकली. मग पुलाचा मधला भाग एकाएकी खाली गेला. टेम्पो गेला, ट्रॅक्टर गेला, ट्रॉल्या त्यांच्यावर गेल्या. धुळीचा लोट उठला आणि त्यातून काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. नंतर एसटीतल्या पोरींनी हंबरडा फोडला. त्यांत तात्यांची नात दिशा होती.

त्या दिवसाचं आणखी मी सांगणार नाही, मित्रांनो. उसाच्या मोळ्या उपसून उपसून लोकांचे हात सोलले. टेम्पोतल्या सहा बायका गेल्या, समर्थ गेला; टेम्पोचा ड्रायव्हर तेवढा हाडं मोडून वाचला. मुक्ताबाई अनवाणी पळत आली आणि माझ्या खांबाला धरून उभी राहिली. कुणी तिला खाली नदीत जाऊ दिलं नाही.

मग माणसांचा लोंढा आला. इतकी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. कुणी मदतीला आले, देवमाणसं होती ती. भाकरी बांधून आणली, दोर आणले, रक्त द्यायला रांग लावली. पण कुणी नुसते बघायला आले. तुटलेल्या पुलाकडं पाठ करून मोबाईलवर स्वतःचे फोटो काढले. माझ्या खांबाला टेकून एकानं व्हिडिओ केला आणि तीनदा पुन्हा केला, कारण त्याचे केस वाऱ्यानं विस्कटत होते. टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या. पुढारी आले. एका पक्षाचे सकाळी आले, दुसऱ्याचे दुपारी. दोघांनीही एकमेकांकडं बोट दाखवलं, दोघांनीही दोषींना सोडणार नाही असं सांगितलं. दोन अधिकारी निलंबित झाले. राज्यातल्या साऱ्या जुन्या पुलांची तपासणी होणार, अशी घोषणा झाली.

दिशानं एका कॅमेऱ्यापुढं रडत रडत सांगितलं, "समर्थदादानं हात केला म्हणून आम्ही वाचलो." संध्याकाळी टीव्हीवर ते दाखवलंच नाही. दाखवलं ते एवढंच, की ट्रॅक्टरचालकानं जादा माल भरून बंदी असलेल्या पुलावर गाडी घातली. आणि जिकडंतिकडं तेच सुरू झालं. चालकाला अक्कल नव्हती. चालक प्यालेला होता. अरे, कुणी पाहिलं होतं त्याला पिताना? समर्थ चहासुद्धा अर्धाच घ्यायचा. पण मेलेला माणूस कुणाचं तोंड धरणार?

बनुबाईच्या नवऱ्यानं मुक्ताबाईच्या दारात येऊन हातपाय आपटले. "तुझ्या पोरानं माझं घर बुडवलं!" म्हणाला. नळावर बायका तिच्याशी बोलेनात. ज्या बायकांबरोबर तिनं लिंबं तोडली, त्यांच्याच लेकीसुना तिला बघून हंडा उचलून घेऊ लागल्या. मुलगा गेल्याचं रडू तिला पुरतं रडतासुद्धा येईना. ती दिवसभर माझ्या खांबापाशी येऊन बसे आणि पलीकडच्या तुटक्या काठाकडं बघे.

चौकशी समिती येणार असं कळलं, तेव्हा तात्या तिथं आले. तिच्याशेजारी टेकले. बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले.

"मुक्ते, जेवलीस का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"चौकशीवाले येनार हायेत. कमान कुठं गेली म्हनून इचारत्याल." तात्या खाली बघत म्हणाले. "गावानं ठरिवलंय, ट्रॉलीच्या धडकंनं मोडली आनि वरचा पाइप पुलासंगं नदीत गेला म्हनून सांगायचं."

"कुनाच्या ट्रॉलीच्या?"

तात्यांनी तुटक्या पुलाकडं पाहिलं.

"समर्थाच्या?"

"मेलेल्या मानसाला आता काय हुनार हाय, मुक्ते? न्हाई तर गावातल्या पंचवीस-तीस पोरांवर गुन्हे लागत्याल. जित्या घरांचा इचार कर. तुला जलमभर काय कमी पडू देनार न्हाई मी."

मुक्ताबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. मला तर ती त्यांची कीव करते आहे असंच वाटलं. "दिशा कशी हाय?" तिनं विचारलं.

"झोपंत दचकून उठती."

"तिला इचारलं का तुमी, समर्थाचं असं नाव घालायचं का म्हनून?"

तात्या काठी टेकत उठले आणि मागं न बघता निघून गेले. चौकशीवाले आले, गावानं ठरलेलं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मुक्ताबाईला कुणी काही विचारलंच नाही.

दहाव्या दिवशी पुलाखालच्या घाटावर सगळ्यांची दशक्रिया एकत्र होती. तालुका लोटला होता, चौकशीवाले साहेबही पुढच्या खुर्चीत होते. श्रद्धांजलीसाठी मांडव घातला, आणि मंडपवाल्या पोरांनी सवयीनं मलाच उचलून आणलं. एवढा विचार कोण करतो? पांढरं कापड गुंडाळलं, आडवं बांधलं आणि माझ्यावर मोठा फ्लेक्स टांगला. भावपूर्ण श्रद्धांजली, असं लिहिलेलं. त्यावर बनुबाईचा फोटो होता, रेश्माचा होता, सहाही जणींचे होते. समर्थचा नव्हता. माझे खांब वरून बघत होते आणि माझा पाइप खाली तो फ्लेक्स धरून होता. इतकं लाजिरवाणं काम माझ्याकडून कधी कुणी करून घेतलं नव्हतं.

भाषणं झाली. पिंड मांडले गेले. आपल्याकडं पिंडाला कावळा शिवला, की गेलेल्याचा जीव कशात अडकला नाही असं मानतात. बनुबाईच्या पिंडाला लगेच शिवला. रेश्माच्या पिंडाला शिवला. एकेक घर डोळे पुसत मागं सरलं. समर्थचा पिंड तसाच राहिला. कावळे बाभळीवर बसले होते, पण एकही खाली येईना.

त्याचा चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "दादा, काकूला मी सांभाळतो." कावळा आला नाही. मित्र म्हणाले, तुझ्या घरावरचे पत्रे आम्ही घालून देतो. कावळा आला नाही. ऊन चढलं. खुर्च्यांवरचे पुढारी घड्याळं बघायला लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या आणि त्यांचा कावळा वळायला लागले. म्हणाले, "बाई, अशा वेळी दर्भाचा कावळा शिववतात. शास्त्राला चालतं."

"गवताचा कावळा नको, गुरुजी," मुक्ताबाई म्हणाली. "धा दिस झालं, खोटं लई झालं."

ती पुढं गेली. पिंडापुढं दोन्ही हात जोडून, घरात बोलावं तशी बोलली. "समर्था, ऐक बाळा. कमान तू पाडली न्हाईस. गावानं कापली. नारळ फोडून कापली. तू नगं म्हनला हुतास, तवा समदी हासली. मी बी हुते तितं. मी बी त्ये खोबरं खाल्लं."

आप्पासाहेब लगबगीनं उठले. "मुक्ताबाई, दुःखात हायेत तुमी, बसा, पानी घ्या..."

पाणी कुणाला हवं होतं? तिनं मांडवाखाली येऊन माझ्यावरचं कापड ओढलं. माझे पिवळे-काळे पट्टे उन्हात उघडे पडले, आणि गॅसनं कापलेलं माझं सरळ टोकही. "नदीत गेली म्हनून सांगितलं न्हवं? ही बगा. समद्यांच्या डोक्यावर हाय."

चौकशीवाले साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. माझ्या कापलेल्या टोकावर त्यांनी बोट फिरवलं आणि गावाकडं पाहिलं. सगळ्या माना खाली गेल्या होत्या. गर्दीतून दिशा निघाली आणि मुक्ताबाईशेजारी येऊन उभी राहिली. तिनं आजोबांकडं नुसतं पाहिलं.

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. हिंगणदऱ्यात त्यांना उघड्या डोक्यानं कुणी पाहिलं नव्हतं. ते अडखळत पिंडापाशी गेले, वाळूत गुडघे टेकले. "समर्था, कापायला मी सांगितलं. चारचौघांत मी तुला हासलो, म्हनून तू गाडी घातलीस. माझी नात तुझ्यामुळं उबी हाय, आनि मी तुझ्याच नावावर..." म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला. मग एकेक जण बोलू लागला. कटर मी आणला. भ्याला म्हणून मी ओरडलो. बनुबाईचा नवरा उठला आणि मुक्ताबाईच्या पायांवर पडला.

आता साऱ्यांनी बाभळीकडं पाहिलं. खरं बोलून झालं होतं. कावळा आता येणार, याची प्रत्येकाला खात्री होती. एक कावळा उडाला, घाटावर घिरट्या घालून पुन्हा फांदीवर जाऊन बसला. लोक वाट बघत राहिले. गुरुजींनी हातातला दर्भ खाली ठेवला.

म्हाताऱ्या आक्काबाईनं हळूच विचारलं, "मुक्ते, समदं तर बोलून झालं. आजून काय इच्छा आसंल गं त्याची?"

"जगायची, आक्का," मुक्ताबाई म्हणाली. "सव्वीस वर्साचा हुता त्यो. ती तुमी कोन पुरी करनार?"

मित्रांनो, माझा पाइप आता पोलीस ठाण्याच्या आवारात पुरावा म्हणून पडला आहे. तात्या स्वतःहून तिथं गेले आणि जबाब देऊन आले. नव्या फ्लेक्सवर समर्थचा फोटो आला. नळावरच्या बायका आता मुक्ताबाईचा हंडा आधी भरून देतात, आणि ती भरलेला हंडा घेऊन एकटीच घरी जाते.

तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्याही वाटेत माझ्यासारखी एखादी आडवी येईल, तुमचा खोळंबा करील. तेव्हा मला खुशाल शिव्या द्या, मला काही वाटणार नाही. नव्या पुलासाठी भांडा, साहेबांच्या दारात ठाण मांडून बसा, भूमिपूजनाचे पेढे घेऊ नका, पूल कधी होणार ते विचारा. आणि सगळे हसत असताना तुमच्यातला एखादा नको म्हणाला, तर त्याला हसू नका. थांबून त्याचं ऐका. समर्थचं कुणी ऐकलं असतं, तर आज त्यानं मला मावशी म्हणून हाक मारली असती, आणि पुन्हा सांधलेली मी गावाच्या शिव्या खात अजून तिथंच उभी असते.